दोन जिल्ह्यांत मावणारा देश

स्लोव्हेनिया हा देश साधारण महाराष्ट्राएवढा असेल, असं मी भर पानठेल्यावर बोलून गेलो. मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या मुलीच्या शाळेच्या नकाशापुस्तकात युरोपाला अख्खं पान दिलेलं आहे, त्यामुळे तिथला प्रत्येक देश खाऊनपिऊन सुखी दिसतो. त्यावरून मी हा अंदाज ठोकला होता.

बाकावर कचेरीतले माझे निवृत्त वरिष्ठ खर्रा घोटत बसले होते. पन्नीतली सुपारी-तंबाखू रगडणारा त्यांचा तळहात थांबला. आमच्याकडे खर्रा घोटणारा माणूस मधेच थांबला, की समोरच्यानं फार मोठा मूर्खपणा केला असं समजावं.

"हॅ," ते म्हणाले. "तालुका हाये गा तो."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मूल गावच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत मी त्यांच्या हाताखाली नोकरी केली, तेव्हापासून ऐकत आलो. नवा साहेब रुजू झाला की, हॅ, कारकून हाये तो. कोणी नागपूरहून नवा शर्ट आणला की, हॅ, पायपुसणं. व्हॅटिकन नावाचा एक देश आहे असं कळलं, तेव्हा तो देश नसून लाकडाचा डेपो असल्याचं त्यांनी जाहीर केलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जगातली वस्तू घडी घालघालून खिशात मावेल एवढी करायची, आणि मग खिसाच झटकून टाकायचा. आता ते राहिले नाहीत. त्या बाकावर दुसरं कोणी बसतं. तोही तुसडाच आहे, पण त्याच्या तुसडेपणाला ती उंची नाही.

स्लोव्हेनियाशी मात्र त्यांचं वैर घरचं होतं. मुलगी एकुलती एक, शिकून नर्स झालेली. आई लवकर गेली, घरात बाप-लेक दोघंच. तिला तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळत होती आणि ती बापाच्या होकारासाठी थांबून होती. सरळ नाही म्हणायला यांची जीभ रेटेना. म्हणून ते त्या देशालाच लहान करत सुटले.

रोज नवं माप. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे जोडले, तर तो देश त्यात टाकून वर दोन-चार तालुके उरतात. माणसं म्हणाल, तर एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात त्याच्याहून थोडी जास्तच. "आपल्या इथी तेवढ्या लोकायले एक कलेक्टर सांभाळते," ते म्हणत, "त्यायले पंतप्रधान लागते." समुद्र आहे म्हणे. केवढा? मूलहून चंद्रपूरच्या बसमध्ये बसा, उतरेपर्यंत त्यांचा किनारा संपतो. जंगल फार आहे, असं मुलीनं एकदा सांगून पाहिलं. वाघ आहे का? नाही. मग तो बगीचा झाला. अस्वलं आहेत, म्हणाली. अस्वल तर आपल्या मोहाच्या झाडाखालीही येतं, त्यासाठी विमानात काऊन बसायचं?

मी मान डोलवत असे. माझा महाराष्ट्र अजून ताजा होता, त्यामुळे मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात चहा घेत होतो. त्यांचं माप चालूच होतं. मुलगी कप उचलायला आली आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, तुमीच म्हणता ना, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यायेवढीच माणसं हायेत म्हणून," ती म्हणाली. "एवढ्याशा जागेत मी हरवीन कशी?"

त्यांनी खिशातून पन्नी काढली आणि घोटायला लागले. पन्नीत काही नव्हतं. रिकामं प्लास्टिक ते बराच वेळ रगडत राहिले, आणि मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, "जाय मंग."

ती गेली. पुढे फोनवर कधीतरी तिनं सांगितलं, की तिचं गाव देशाच्या अगदी कोपऱ्यात आहे, जवळच नदी आहे आणि नदीपल्याड दुसरा देश, दुसरी भाषा. दुसऱ्या दिवशी ते ठेल्यावर आले ते घरातलं कोणी आजारी पडल्यासारखं तोंड करून.

"सिरोंच्यात टाकली गा पोरगी."

आमच्या कचेऱ्यांत सिरोंचा म्हणजे सजा, हे इथल्या कोणत्याही नोकरदाराला माहीत आहे. गडचिरोली जिल्ह्याचं पार खालचं टोक. नदी ओलांडली की तेलंगण, आणि अलीकडचा बाजारही तेलुगूतच बोलणारा. साहेब कोणावर चिडला, की त्याचा बिस्तरा तिकडे. ही बदली त्यांनी एकदा गुडघा दाखवून, एकदा म्हाताऱ्या आईच्या दम्यावर आणि एकदा कुत्रा चावल्याच्या जोरावर टाळली होती. नोकरी संपेपर्यंत सिरोंच्यात पाऊल टाकलं नव्हतं.

"जनमभर मी चुकवलं," ते म्हणाले, "अन् हे आपल्या पायानं गेली."

त्यानंतर एका सकाळी बाक रिकामा दिसला. दुसऱ्या दिवशीही तेच. ठेलेवाल्याला विचारलं, तर म्हणाला, सिरोंच्याच्या गाडीत बसले. तिकडे त्यांचं ना नातं ना गोतं. मी मनात म्हटलं, फिरलं म्हाताऱ्याचं.

संध्याकाळी परत आले. धोतरापासून टोपीपर्यंत धूळ. कसं काय, विचारलं.

"हॅ," ते म्हणाले. "नदी हाये. बाजार हाये. कोनाले आपली भाषा येत नाई." मग खर्रा घोटायला घेतला. "खानावळीतल्या बाईनं हातानंच विचारलं, अजून भात वाढू का म्हणून. वाढला. पोट भरलं तरी मंग पुन्हा वाढला." घोटलेला खर्रा तोंडात टाकून म्हणाले, "राहू शकते मानूस."

घरी येऊन मी हसत हसत ही हकीकत बायकोला सांगितली. युरोप पाहायला हा माणूस एसटीनं सिरोंच्याला गेला, नदीकाठी उभा राहिला, भात खाल्ला आणि परत आला. आणि हा आम्हाला भूगोल शिकवणार!

ती भाजी निवडत होती. हात थांबवून तिनं वर पाहिलं.

"मंग जी? कशी हाये म्हणे पोरगी?"