धनेशाला भीती शिकवणारा माणूस

त्याला सगळे मुका म्हणायचे. वाचा चांगली धडधाकट होती, पण शब्द खर्चणं जिवावर यायचं. "लग्नाला हो म्हणाले, त्यानंतर थेट लेक झाली तेव्हाच तोंड उघडलं," असं त्याची बायको चारचौघांत सांगायची आणि तो मान खाली घालून हसायचा.

बाप पाखरं धरून विकायचा. तासन्‌तास हूं की चूं न करता बसायची कला मुक्याला बापाकडून मिळाली. पुढे जंगलच ओस पडायला लागलं तेव्हा गावाला जाग आली. शिकार बंद, जाळी जमा, आणि पाखरं मारण्याऐवजी ती पाहुण्यांना दाखवायची असं ठरलं. त्यासाठी गावाची समिती झाली, मुक्याचा चुलतभाऊ तिचा अध्यक्ष झाला. घराघरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या, मुका वाटाड्या झाला. आणि खरं ते सांगितलंच पाहिजे, त्यामुळे जंगल वाचलं.

सगळ्यांना बघायचा असायचा धनेश, भल्यामोठ्या चोचीचा पक्षी. त्याची मादी अंडं घालायला झाडाच्या ढोलीत शिरते, चोचीपुरती फट ठेवून तोंड लिंपून घेते, पिसं झाडून टाकते आणि पिल्लू मोठं होईपर्यंत आतच राहते. नर फळं आणून भरवतो. तो मेला की आतले दोन्ही जीव गेलेच म्हणायचे. म्हणूनच तो भारी सावध. माणूस दिसला की ढोलीकडे फिरकायचा नाही.

"पाहुणे काय झाडाचं खोड बघायला येतात?" अध्यक्ष वैतागला. "मुक्या, तूच काहीतरी कर."

मुक्याने केलं. नराला माणसाची सवय व्हावी म्हणून दोन मोसम तो ढोलीच्या झाडासमोर बसला, रोज हातभर पुढे सरकत. शेवटी वीस माणसं खाली कॅमेरे रोखून बसली तरी नर खुशाल भरवायला यायचा. गावाने मुक्याला डोक्यावर घेतलं. जन्मात कौतुक ठाऊक नसलेला माणूस, तोही फुशारला. आपण काय करून बसलोय हे ना त्याला कळलं, ना गावातल्या एकाही शहाण्याला.

एका सकाळी नर झाडाखाली मरून पडलेला दिसला, चोच विकायला कापून नेलेली. कुणी मारला ते कळलं नाही. मारणाऱ्याला लपायचीसुद्धा गरज पडली नसणार. मुका त्याच्याजवळ बसला आणि पहिल्यांदा स्वतःशीच मोठ्याने बोलला, "मी मारला."

वर फटीतून मादीची चोच बाहेर येत होती, रिकामी आत जात होती.

त्याने लांब बांबूला रानउंबरं बांधली, शेजारच्या झाडावर चढला आणि बांबू फटीपाशी धरला. मादीने दोन दिवस टोचे मारून तो ढकलला. तिसऱ्या दिवशी भुकेने घेतलं. मग रोज पहाटेपासून दुपारपर्यंत तो भरवत राहिला. खांदे भरून यायचे, बायको तेल चोळायची. पाहुणे दुप्पट झाले. नर मेला तरी अध्यक्षाचं काही अडलं नाही. "हे तर त्याहून भारी झालं," तो म्हणाला. मुक्याला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं, पण हातात बांबू होता.

मादी आता त्याची चाहूल लागली की आतून ओरडायची. त्या आवाजाने त्याला आनंद व्हायचा आणि लगेच मेलेला नर आठवायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भरवलं नाही तर ती मरणार. भरवलं तर माणसाला नवरा समजून बाहेर येणार, आणि पहिल्या बंदुकीपुढे जाऊन बसणार.

पिल्लू मोठं झालं, मादीला नवी पिसं फुटली आणि ती ढोलीबाहेर आली, मागोमाग पिल्लू. दोघं खालच्या फांदीवर त्याच्यासमोर बसली, चोच उघडून. मागे पाहुण्यांनी हळूच टाळ्या वाजवल्या.

मुक्याने पायाशी पडलेला दगड उचलला आणि तिच्या छातीवर मारला.

ती उडाली. फिरून आली, कारण खाणं आजवर त्याच्याकडूनच आलं होतं. त्याने पुन्हा मारला. पिल्लाच्या पंखालाही एक लागला. "वेडा झालास का?" अध्यक्षाने त्याचा हात धरला. पाहुण्यांनी तक्रार केली, समितीने संध्याकाळी त्याला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी तो काम नसतानाही गेला आणि दिवसभर दगड मारत राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. तिथे बसलेल्या पाहुण्यांवरही त्याने दगड उचलला, तेव्हा झाडाखाली कुणी उरलं नाही.

चौथ्या दिवशी तो सकाळीच परत आला आणि उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. बायको हातातलं काम टाकून आली.

"गेली का हो?"

"गेली. पिल्लू घेऊन गेली."

"मग चांगलंच झालं की. रडता कशाला?"



"मला ओळखलं," तो म्हणाला, "आणि मग गेली."