वाटीतला चिंचोका

“बोल,” बाई म्हणायच्या.

माणसाला नव्हे, कोळंबीला. बर्फातून सोडवलेली एक कोळंबी दोन बोटांत धरायची, नाकापाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि हळूच म्हणायचं, “बोल.” मग सगळं ऑफिस गप्प. टाइपरायटरसुद्धा थांबायचा. दहाएक सेकंदांनी डोळे उघडून बाई निकाल द्यायच्या, “बर्फ उशिरा घातलाय हिच्यावर. तीन-चार तास तशीच पडून होती.” किनाऱ्यावरच्या कारखान्याला फोन लावला की पलीकडचा माणूस आधी आईची शपथ घ्यायचा आणि मग हळूच कबूल करायचा की हो, बर्फाची गाडी वाटेत बंद पडली होती.

आमचं ऑफिस होतं कोथरूडमध्ये, एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर. पुण्यात समुद्र नाही, हे भेटणारा प्रत्येक माणूस आम्हाला सांगायचा, जणू आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मालक पुण्याचे, कारखाना कोकणात, गिऱ्हाईक युरोपात. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि कोळंबी, शिंपले, खेकडे असा गोठवलेला माल कंटेनर भरभरून बाहेर जात होता. कागदपत्रं आमच्या तीन खोल्यांत तयार व्हायची. ते माझं काम. माल कसा आहे हे ठरवणं बाईंचं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना हे अजिबात मान्य नव्हतं. एकदा जिन्यात त्यांनी बाईंना अडवलं. “आपला धंदा आंतरराष्ट्रीय असेल, जिना मात्र आमच्या सोसायटीचा आहे. वास येतो.”

“कुठल्या मजल्यावर येते?” बाईंनी गंभीरपणे विचारलं.

“दुसऱ्या.”

“मग तो आमचा नोहे. दुसऱ्या मजल्यावर कोणाचं तरी दूध नासलंय. बघा नं.”

दूध खरोखरच नासलेलं निघालं. सेक्रेटरींच्याच घरी.

बाई भंडाऱ्याकडच्या. त्यांच्या गावाला मोठा तलाव, आणि वडील त्या तलावात जाळं टाकणारे. कोळंबीला त्या झिंगा म्हणत. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी. झाल्यावर, नोकरीसाठी. “पाहिला तर वाटलं, आमच्या तलावाचा मोठा भाऊ हाय. खारट स्वभावाचा,” त्या सांगायच्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असून मला त्या भाऊ म्हणत. पुण्यात बारा वर्षं काढूनही “काय करून राहिले, भाऊ?” काही सुटलं नव्हतं. मालक कधीतरी चिडवायचे, “बाई, आता तरी पुणेरी बोला.” त्यावर त्या म्हणायच्या, “बोलते नं. पण मग तुम्हाले राग येईल.”

दर आठवड्याला कारखान्यातून नमुने यायचे. एसटीच्या पार्सलने थर्माकोलचा खोका सकाळी स्वारगेटला उतरायचा. बाई तो लुनावर पायांच्या मध्ये ठेवून, एवढ्या गर्दीतून, बर्फ वितळण्याआधी ऑफिसात आणायच्या. त्यातला एक भाग लगेच तपासायचा: बर्फाचं आवरण काढून वजन, एका पौंडात किती नग बसतात, वास, कडकपणा. दुसरा भाग राखीव. तो ऑफिसातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये कुलपात. उद्या गिऱ्हाइकाने तक्रार केली, तर त्याच मालाचा हा नमुना उघडून दाखवायचा. तो फ्रीझर म्हणजे आमची साक्षीदारांची खोली होती.

त्या फ्रीझरच्या तळाशी, एका कोपऱ्यात, बाईंनी स्टीलची एक वाटी ठेवली होती. वाटीत गोठलेलं पाणी आणि बर्फावर एक चिंचोका.

मी नवीन असताना विचारलं होतं, “हा काय नवस आहे?”

“हा आपला वॉचमन. लाइट गेली, बर्फ वितळला, तर हा बुडते. मग लाइट आली आणि पुन्हा बर्फ झाला तरी हा खालीच राहते. काटा शून्याखाली वीस दाखवेल, कागद ठीक म्हणेल. पण चिंचोका सांगते, बाबा, मधे काहीतरी झालं होतं.” त्यांच्या टेबलाच्या खणात असे चिंचोके एका डबीत ठेवलेले असायचे.

आणि फ्रीझरच्या प्लगवर त्यांनीच चिकटवलेला कागद होता: ‘हा प्लग काढू नये. काढायचाच असल्यास आधी मला विचारावे. मी नसल्यास काढू नये.’ मालक म्हणाले होते, “बाई, अखेर झालात पुणेरी.”

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

त्या वर्षी ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग इंटरनेट. मालकांना त्याचा भारी अभिमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला मोडेमचा आवाज ऐकवायचे. दिवाळीला बाई गावी गेल्या. आठवडाभराची रजा. जाताना फ्रीझरची किल्ली माझ्या हातात दिली. “भाऊ, तुमच्याकडे देऊन राहिले, म्हणून मी निवांत.” ऑफिसला तीन दिवस सुट्टी होती. सुट्टीआधीच्या संध्याकाळी मला एक ईमेल पाठवायची होती. कॉम्प्युटरच्या विजेचा बोर्ड अचानक बंद पडला. भिंतीवर चालू असलेला एकच पॉइंट होता, फ्रीझरचा. मी कागद वाचला. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, म्हटलं, आणि प्लग काढला.

ईमेल गेली. त्या आनंदात मी कुलूप लावून घरी गेलो.

तीन दिवसांनी सगळ्यांच्या आधी ऑफिसात आलो, उत्तर आलंय का बघायला. फरशीवर पाणी होतं. किल्लीने फ्रीझर उघडला. खोके मऊ झाले होते. वाटीत पाणी, आणि चिंचोका तळाला.

मी प्लग लावला; वाटीचं काय करायचं ते तेव्हा सुचलं नाही. फरशी पुसली, फिनेल टाकलं, अगरबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी वाटीतलं पाणी पुन्हा गोठलं होतं, पांढुरकं, दाट. वाटी बर्फाने तळाला घट्ट धरली होती, हलेना. खालचा चिंचोका दिसत नव्हता. मग मी बाईंचा खण उघडला, डबीतून दुसरा चिंचोका घेतला आणि वर ठेवला. बोटाने दाबून नीट बसवला. ते गार टोचणं अजून या बोटात आहे.

का? माझं लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, एक्सपोर्टमध्ये आहे. नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. एवढंच. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

बाई परत आल्या. माझ्यासाठी गावाकडून चिवडा आणला होता. दारातच थांबल्या. नाक वर. “अगरबत्ती कोणी लावली? इथे तर देवाचा फोटोही नाही.”

“दिवाळी होती ना,” मी म्हणालो.

त्यांनी फ्रीझर उघडला. वाकून वाटी पाहिली. चिंचोका वर. रजिस्टरमध्ये त्यांनी ‘ठीक’ लिहिलं. आयुष्यात त्या एकदाच नाकाचं न ऐकता वाटीचं ऐकून मोकळ्या झाल्या, आणि नेमकी ती वाटी मी खोटी केली होती.

महिन्याभराने युरोपातून तक्रार आली: माल मऊ, वास येतोय, कंटेनर घेणार नाही. गिऱ्हाइकाचा एक वयस्कर माणूस स्वतः पुण्यात आला. मालक निर्धास्त होते. “आमच्या बाईंची सही आहे. राखीव नमुना तुमच्यासमोर उघडतो.” गोरा पाहुणा, मालक, बाई आणि मी. बाईंचं इंग्रजी कागदावर पक्कं, बोलताना मात्र त्या मराठीच बोलत. दुभाषा मी.

बाईंनी नवी कोरी साडी नेसली होती. इस्त्रीचा पांढरा कोट वर. नमुना पाण्यात सोडवला, एक कोळंबी उचलली, डोळे मिटले.

“बोल.”

या वेळी दहा सेकंद लागले नाहीत. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि खाली बघितलं. मालकांनी विचारलं, “काय झालं, बाई?” त्यांनी कोळंबी खाली ठेवली. फ्रीझरकडे गेल्या, उलथन्याने वाटी खरवडून काढली आणि नळाखाली उलटी धरली. बर्फाचा गोळा सुटून बशीत पडला. उजेडात त्याच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. वर एक चिंचोका, तळाशी एक.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किल्ली कुणाकडे होती हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. रागाने नाही पाहिलं. कोळंबीकडे पाहायच्या तसं पाहिलं. वाट बघत. तोंडाने ‘बोल’ म्हणाल्या नाहीत, एवढंच.

मी बोललो नाही.

मग त्या पाहुण्याकडे वळल्या. “सांगा त्यांना, भाऊ. हा नमुना आमच्या फ्रीझरमध्ये वितळून पुन्हा गोठलाय. हा पुरावा म्हणून चालणार नाही. पण माल इथून गेला तेव्हा कडक होता. त्यावर माझी सही आहे, ती मी मागे घेत नाही.”

मी इंग्रजीत सांगितलं. पाहुण्याने विचारलं, फ्रीझर कुणाच्या ताब्यात असतो? मी मराठीत विचारलं. 

“किल्ली माझ्याकडे असते,” बाई म्हणाल्या. “जबाबदारी माझी.”

आणि हे वाक्य मी माझ्या तोंडाने, स्वच्छ उच्चारात, इंग्रजीत सांगितलं. बाईंनी माझ्यासाठी अंगावर घेतलेलं खोटं मीच बोलून दाखवलं.

मालक संतापले. “बाई, तुम्ही आपल्याच विरुद्ध साक्ष देताय!” पाहुणा मात्र कितीतरी वेळ त्या दोन चिंचोक्यांकडे बघत बसला. मग म्हणाला की स्वतःच्या फ्रीझरविरुद्ध बोलणारा माणूस त्याने या धंद्यात पाहिला नव्हता. ही बाई माल चांगला होता म्हणते, तर तो होता. परत जाऊन त्याने कंटेनरमधल्या तापमानाच्या नोंदीची पट्टी मागवली. वाटेतल्या एका बंदरावर कंटेनर तीन दिवस विजेविना उभा होता. आमचा काही दोष नव्हता. फॅक्स आला: यापुढच्या प्रत्येक मालावर याच बाईंची सही हवी.

त्या दिवशी मालकांनी पेढे वाटले. तुम्हाला सांगतो, छाती फुगावी असा तो दिवस होता. भंडाऱ्याच्या तलावाकाठच्या मुलीच्या नाकावर समुद्रापारच्या माणसाने विश्वास ठेवला होता. कोथरूडच्या पहिल्या मजल्यावर उभं राहून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीसुद्धा पेढा घेऊन गेले. “वास येत नाही हल्ली,” म्हणाले. त्यांच्या तोंडून ही स्तुतीच.

बाईंनी पेढा खाल्ला आणि राजीनामा दिला.

मालक हात जोडून उभे राहिले. त्या म्हणाल्या, “साहेब, माझ्या नावावरच्या फ्रीझरमधला नमुना वितळला आणि मी रजिस्टरमध्ये ‘ठीक’ लिहिलं. आता त्याच टेबलावर बसून माझी सही कशी चालेल?” त्यांना राहायला लावायला माझं एक वाक्य पुरलं असतं. नोटिशीच्या महिन्याचे कितीतरी दिवस होते. रोज सकाळी मी ते वाक्य घोकत जिना चढायचो आणि संध्याकाळी तसंच घेऊन उतरायचो.

शेवटच्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. “घ्या, भाऊ. लग्नाला बोलवा.”

मी बोलावलं नाही.

पुढे ऐकत राहिलो. बाई कोकणात गेल्या, एका कारखान्यातून दुसऱ्या, बायकांना माल पारखायला शिकवत. परदेशी पाहुणे विचारायचे, त्या बाई सध्या कुठे आहेत, आणि तिथला माल घ्यायचे. आमचं ऑफिस बंद झालं, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत गेलो. शीतगृहातलं तापमान मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा आम्ही बसवतो. हा धंदा मीच का निवडला, हे चतुर वाचकाला सांगायला नको.

गेल्या वर्षी कोकणातल्या एका कारखान्यात आमचे सेन्सर बसवायला गेलो. सुपरवायझर चाळिशीची, तिथलीच, पांढऱ्या टोपीतली. मी मोठ्या हौसेने यंत्र समजावलं. तिने ऐकून घेतलं. “चांगलाय. पण वाटी पण राहील हां.”

रॅकच्या तळाशी स्टीलची वाटी होती. बर्फावर चिंचोका.

“आमच्या मॅडमनी शिकवलंय. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन,” ती म्हणाली. मला बातमी अशी कळली, शून्याखाली वीसमध्ये, दुसऱ्याचा जाडा कोट घालून.

“अजून काय शिकवलं?” मी विचारलं.

“सुट्टीवर जाताना किल्ली आपल्या माणसाकडे द्यायची.”

“असं म्हणाल्या? आपल्या माणसाकडे?”

“हो. आम्ही म्हटलं, मॅडम, त्यानं घोळ घातला तर? तर म्हणाल्या, बोलेल तो. थांबायचं. पुण्यात म्हणे असं झालं होतं एकदा, दोन चिंचोके निघाले एका वाटीत. आम्ही किती विचारलं, कोण होता तो? शेवटपर्यंत नाव नाही सांगितलं त्यांनी.”

तोंडातून वाफ येत होती. मी कोटाची टोपी मागे केली आणि माझं नाव सांगितलं. सबंध सांगितलं, वडिलांच्या नावासकट.