कंसातला सात

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. आजही करेन. तरी हे इथे लिहितोय, कारण घरात सांगायची लाज वाटते.

मी साताऱ्यात एका छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवतो. गाव पलूसजवळ. वडील, आमचे आण्णा, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचे सोबती वाई, सातारा, पलूस भागातलेच. तोफांजवळ राहून निम्म्यांचे कान गेलेले, फोनवर बोलणं कठीण. म्हणून आण्णांनी म्हातारपणी पुस्तक आणून, वहीत उतरवून घेऊन एक साधं वेबपेज बनवलं. सोबत्यांपैकी कोण गेलं आणि रक्षाविसर्जन कुठे, किती वाजता... बस, एवढंच. मातीला जाता आलं नाही तरी रक्षाविसर्जनाला पोचायचंच, ही आमच्याकडची रीत.

अक्षरं मोठी दिसावीत म्हणून आण्णा प्रत्येक ओळीला जावास्क्रिप्टमधलं 'फॉन्टसाइझ' जोडायचे. कंसात एक ते सात आकडा द्यायचा, सात म्हणजे सगळ्यात मोठं. आण्णा कायम सातच द्यायचे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायचे. का, तर "त्यालाबी उभं ऱ्हायाला जागा नगं व्हय?"

ही पद्धत डेप्रिकेटेड आहे - म्हणजे अजून चालते, पण वापरू नका असा शेरा बसलेली. मला तिची शिसारी यायची. मी अख्खं पेज नव्याने लिहिलं. बारीक, देखणी अक्षरं. बोटांनी मोठी करता येऊ नयेत असाही बंदोबस्त केला, डिझाइन बिघडतं ना... वर पासवर्ड बदलला आणि आण्णांना दिला नाही. ते काहीतरी मोडून ठेवतील म्हणून.

मग वाईचे महादू तात्या गेले. आण्णांचा एका ताटात जेवलेला मित्र. मी पेजवर टाकलं, पण आण्णांना ते वाचताच आलं नाही. कळलं तेव्हा रक्षाविसर्जन होऊन गेलं होतं. त्यांचा फोन आला.

"अक्षरं दिसत न्हाईत रं. मोठी कर की."

"करतो आण्णा. रविवारी."

दोन वर्षं रविवार येत राहिले. आण्णांनी पुन्हा विचारलं नाही.

गेल्या वर्षी आण्णाच गेले. दुपारी घाईत मी दोन ओळी पेजवर टाकल्या. त्याच बारीक अक्षरांत. कुणाला फोन करायचं भानच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो तर अकरा म्हातारे आधीच रांगेत उभे. वाईचे शंकर आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अक्षरं मोठी केलीस, लय बरं केलंस गड्या. घरबसल्या वाचलं समद्यांनी."

"मी न्हाई केली आप्पा."

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. पडदाभर आण्णांचं नाव होतं. मी माझ्या फोनवर पाहिलं. तिथेही तेच.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. आण्णांच्या दोन्ही ओळींना फॉन्टसाइझ जोडलेलं. कंसात सात... आणि सातच्या दोन्ही बाजूंना जागा. फाइल कधी, कुणी बदलली याची नोंद आपोआप राहते. तीत शेवटची नोंद माझीच, आण्णा गेले त्या दुपारची आहे, आणि त्या नोंदीत सात नाही. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नव्हता. ऑफिसातल्या दोघा जाणकारांना दाखवलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि चहा मागवला.

आण्णा आले होते असं मी म्हणणार नाही. आले असतील तर पोराला एक काम सांगून, वाट बघून, शेवटी आपलं आपणच करून गेले. त्यांच्या स्वभावात ते बसतं.

हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. पण ती अक्षरं मोठी करायला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन वर्षांत का केली नाहीत, तेही मला सांगता येत नाही.