बाळंतिणीच्या खोलीतले टीव्ही

शाळेतून निवृत्त झालो तरी माझी उपदेश करायची खोड काही गेली नाही. आमच्या जानेफळात मोटरसायकलला टब-बादल्या बांधून एक फेरीवाला येतो आणि "फुटका मोबाइल द्या, टब घ्या" असं ओरडत फिरतो. एकदा बायको जुना मोबाइल घेऊन निघाली आणि मी तिला दारातच अडवलं. हे लोक तांब्यासाठी तारा जाळतात, त्या धुरात विष असतं, जुन्या बॅटऱ्या फोडतात, त्यांतलं ॲसिड नि शिसं जमिनीत मुरतं, असं बरंच ऐकवलं. सांगितलं ते खरंच होतं. पण टब गेला, आणि बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मग मला जोर चढला. हा कचरा रीतसर मोडणाऱ्या अकोल्याच्या एका परवानाधारक कंपनीला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "गाडीभर माल झाला की कळवा, आम्ही न्यायला येऊ." एवढ्यावर मी गावभर सांगत सुटलो, बंद पडलेलं सगळं माझ्याकडे आणून टाका. लोकांना तेच हवं होतं. टीव्ही आले, मिक्सर आले, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आल्या. एकानं तर पिठाच्या गिरणीचा पट्टा आणला. यात वीज कुठाय म्हटलं, तर म्हणाला, "पन बंद तं हाय ना, गुरुजी."

हे सगळं मी मागच्या खोलीत रचलं. खोली भरली, गाडी काही भरेना. स्वतःच टेम्पो करून पोचवून यावं हे सुचत नव्हतं असं नाही. पण कंपनीची गाडी माझ्या दारात यावी, गावानं ती पाहावी, कोणीतरी फोटो काढावा, अशी माझी हौस होती.

अशात शेगावला दिलेल्या आमच्या पोरीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी खोली तीच.

"बाळंतीण काय टीव्हीवर निजन का?" बायकोनं विचारलं.

"गाडी येऊन राह्यली ना."

"कवाची येऊन राह्यली!"

बायकोनं पोरीला काय सांगितलं कोण जाणे, संध्याकाळी पोरीचाच फोन आला. "बाबा, राहू द्या. मी इथंच राह्यते. सासूबाई करतीन सगळं."

ती चिडली असती तर मी वाद घातला असता. ती समजूतदारपणे बोलली आणि मला रडूच आलं. पोटच्या पोरीची जागा मी गावाच्या मिक्सरांना दिली होती. "नाई व माय, तू ये," एवढंच मला म्हणता आलं.

सकाळी उठून शेजारी गेलो. तिथले चाचा फळांचा व्यापार करतात, त्यांचा टेम्पो मागितला. टीव्ही, मिक्सर, पंखे, वर कूलर असं रचल्यावर तो थेट लग्नातल्या आंदणासारखा दिसायला लागला. चौकात माणसं थांबून पाहू लागली. चाचा हसून म्हणाले, "गुरुजी, लोकं पुसून राह्यले, पोरगी येऊन राह्यली का जाऊन राह्यली?" फोटो मात्र कोणीच काढला नाही. अकोल्याच्या बाईंनी सगळं उतरवून घेतलं, गिरणीचा पट्टा तेवढा परत दिला.

घरी आलो तर रिकाम्या खोलीत फरशीवर बॅटऱ्यांच्या ॲसिडचे डाग होते. ज्या विषाची भीती मी गावाला घालत होतो, ते बाळंतिणीच्या बाजेखाली मीच सांडून ठेवलं होतं.  बायकोनं ॲसिड मारायला चुन्याची पिशवी माझ्यापुढे ठेवली, आणि मी शरमेनं मान खाली घालून फरशी घासत बसलो.

चार-आठ दिवसांनी पोरगी आली. जावयांनी गाडीतून तिची बॅग उतरवली आणि मागोमाग एक फुगलेली पिशवी. पिशवीत नुसते रिमोट. पोरीच्या सासऱ्यांचं शेगावात भक्तांसाठी लॉज आहे.

"मामंजींनी देले, बाबा," पोरगी कौतुकानं म्हणाली. "तुम्ही गोळा करता म्हून. टीव्ही मागाहून पाठोतो म्हणे."

बायको खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी पिशवी ओट्यावरच ठेवली, पोरीची बॅग उचलून खोलीत नेली आणि खिडकीतून शेजारी ओरडलो, "चाचा, टेम्पो रिकामाच ठेवा बरं!"