नंदूची दाढी आणि चाचांचा रेझर

आमच्या बिरवाडीच्या खोलीत गॅस संपतो, साबण संपतो, मधूनमधून पाणीही संपतं. संपत नाहीत ते फक्त नंदूच्या दाढीचे किस्से. कंपनीच्या बसमध्ये कुणी नुसता गालावरून हात फिरवला, तरी आमच्यातला एक जण सुरू होतो, दुसरा त्यात भर घालतो, आणि नंदू समोर बसून 'असं नव्हतं झालं रे' म्हणत तोच किस्सा आणखी लांबवतो. ढीग होणार नाही तर काय!

खोलीत आम्ही तिघं. मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये, प्रकाश कदम तिथेच बॉयलरवर आणि नंदू जाधव स्टोअरमध्ये. नंदूचं गाव पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. त्याला जुन्या वस्तूंचं वेड. त्याच्या कॉटखाली बंद रेडिओ, बंद कॅमेरा, बंद घड्याळ असं सगळं भरलेलं. कदम म्हणतो, नंदूकडे चालू वस्तू एकच आहे, ती म्हणजे त्याचं तोंड.

* * *

रेझर मिळाला महाडला, कासमचाचांकडे. चाचा गल्फमध्ये आयुष्य काढून परतलेले. त्यांची ट्रंक घरातून ओटीवर आली होती, कारण आतल्या कपाटांत आता सुनेचं सामान होतं. नंदू गेला होता एका घड्याळासाठी. ट्रंकेत त्याला एक छोटी डबी दिसली. आत सोनेरी डोक्याचा, दुधी रंगाच्या दांड्याचा दाढीचा रेझर. तिकडच्या एका अमेरिकन इंजिनिअरने चाचांना भेट दिलेला. चाचांनी दाढी राखली तेव्हापासून तो पडूनच होता.

नंदूने घासाघीस सुरू केली. पण बोलता बोलता त्याने रेझर आपल्या रुमालात गुंडाळून खिशातही टाकला होता. चाचांनी ते पाहिलं आणि किंमत वाढवली. महाडच्या बाजारात घासाघीस करून जास्त पैसे देणारा नंदू हा पहिलाच असावा.

मग चाचांनी रेझर कसा चालतो ते दाखवलं. याला एकाच बाजूची धार असलेलं जाड ब्लेड लागतं. ब्लेडं एका चपट्या पत्र्याच्या डबीत असतात. त्या डबीलाच इंजेक्टर म्हणतात. तिचं तोंड रेझरच्या डोक्याला लावायचं आणि वरचं बटण पुढे सारायचं. चाचांनी ते सारलं. एका बाजूने नवं ब्लेड आत गेलं, दुसऱ्या बाजूने जुनं टपकन खाली पडलं.

"बघितलंस? नवीन आत आलं की जुनं आपोआप बाहेर," चाचा ट्रंकेवर हात ठेवून म्हणाले. "घरात सून आली तेव्हा मला ह्याचा अर्थ समजला."

आतून बांगड्या वाजल्या. थोड्या वेळाने चहा आला, तो बिनसाखरेचा. नंदूला वाटलं चाचांना डायबेटिस असेल. तसं काही नव्हतं.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दाढी. या रेझरचं डोकं जड असतं, तो नुसता टेकवून ओढायचा असतो, दाबायचा नसतो. हे नंदूला नंतर कळलं. त्याने नेहमीच्या प्लॅस्टिकच्या रेझरसारखा दाबून चालवला. मोरीतून बाहेर आला तेव्हा गालांवर आणि हनुवटीवर पेपरचे कपटे चिकटवलेले होते. एका कपट्यावर 'भव्य शुभारंभ' ही अक्षरं स्पष्ट वाचता येत होती.

तसाच कंपनीत गेला. आमच्याकडे शिफ्ट सुरू होण्याआधी सेफ्टी ऑफिसर शिंत्रेसाहेब सगळ्यांना उभं करून दोन शब्द सांगतात. त्यांनी नंदूला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. त्याला पुढे बोलावून, खांद्याला धरून, सगळ्यांकडे तोंड करून उभं केलं. काचेचं सामान हाताळताना फेसशील्ड लावली नाही की माणसाची काय अवस्था होते, यावर ते मनापासून बोलले. नंदू मान खाली घालून उभा. आम्ही मागे ओठ चावत उभे. बोलणं संपल्यावर त्यांनी नंदूला विचारलं, की हे नेमकं कशाने झालं ते आता तूच सर्वांना सांग.

"सेफ्टी रेझरने, साहेब."

शिंत्रेसाहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

"यात सेफ्टी कुणाची?" ते म्हणाले आणि ऑफिसात निघून गेले.

* * *

चाचांच्या डबीतली ब्लेडं संपली आणि खरी वणवण सुरू झाली. महाडमधल्या जनरल स्टोअरवाल्याने 'इंजेक्टर' शब्द ऐकला आणि मेडिकलमध्ये पाठवलं. मेडिकलवाल्याने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. नंदूने हातवारे करून सांगितलं की आत ढकलायचं असतं, धारदार असतं. मेडिकलवाला जास्तच सावध झाला आणि म्हणाला, असलं काही आम्ही ठेवत नाही.

शेवटी रविवारी गावी जाताना पोलादपूरला हायवेवर त्याला मोठा बोर्ड दिसला: 'येथे सर्व प्रकारचे इंजेक्टर मिळतील.' नंदू बसमधून उतरला. मी सोबत होतो, त्यामुळे मीही उतरलो. ते दुकान ट्रकच्या इंजिनात डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरचं. ट्रकचे, डंपरचे सुटे भाग टांगलेले. मी बाहेरूनच सांगितलं की नंदू, हे आपलं दुकान नाही. पण त्याचं म्हणणं, एवढं उतरलोय तर विचारायला काय जातं.

काळ्या हातांचा मिस्त्री जॅकवर चढवलेल्या ट्रकखालून बाहेर आला. त्याने विचारलं, गाडी कुठली. नंदू म्हणाला, गाडी नाही, दाढी. मिस्त्रीने कपड्याने हात पुसले, नंदूला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी धंद्याच्या आवाजात विचारलं,

"ॲव्हरेज काय देते?"

* * *

ब्लेडं शेवटी ऑनलाइन मागवली. पार्सल आलं ते आमच्या घरमालकीणकाकूंच्या हातात. काकू ब्लाउज शिवतात. त्यांनी विचारलं काय आहे, नंदूने नवं ब्लेड सारून दाखवलं, आणि बाहेर पडलेलं जुनं ब्लेड त्यांनी सहज उचलून पाहिलं. एका बाजूलाच धार, दुसरी बाजू बोथट आणि जाड, म्हणजे धरायला सोयीचं. शिवण उसवायला याच्यासारखं दुसरं हत्यार नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते ठेवून घेतलं. नंदूनेही मोठ्या मनाने सांगितलं, की यापुढे जुनी ब्लेडं तुम्हालाच.

तिथे तो फसला. लग्नसराई आली. काकूंकडे ब्लाउजांचा ढीग, त्यात निम्मे उसवून सैल करायचे. एक ब्लेड किती दिवस पुरणार? सकाळी आम्ही चहा पीत असू तेव्हा जिन्याखालून हाक यायची.

"नंदू, दाढी कर रे. माझं ब्लेड गेलं."

त्याने कालच केली म्हणून सांगितलं तर त्या वर यायच्या, त्याच्या गालाकडे चष्म्यातून बघायच्या आणि म्हणायच्या की वाढलेली दिसतेय. भाडं द्यायला आम्हाला उशीर झालेला होता. नंदू मुकाट्याने मोरीत जायचा. त्या हंगामात बिरवाडीतल्या बऱ्याच बायका सैल ब्लाउज घालून सुखाने लग्नाला गेल्या, आणि आमच्या नंदूच्या गालाची सालटं निघाली.

* * *

हा छोटासा आहे. एकदा नंदू दाढी करून बाहेर आला तो खुशीतच. आज हात बसला म्हणाला, रेझर लोण्यासारखा फिरला, असा गुळगुळीत गाल आयुष्यात झाला नव्हता. आम्हाला गालावरून हात फिरवायला लावला.

कदम कॉटवर पाय वर करून पडला होता. त्याने आपली टाच निरखून पाहिली.

"माझापण घट्टा मस्त निघाला रे सकाळी," तो म्हणाला.

नंदू आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. रेझर मात्र त्याने आमच्या लॅबमधल्या स्पिरिटमध्ये तीनदा बुडवून घेतला.

* * *

नंदूच्या वडिलांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. एका सुट्टीत नंदूने रेझर गावी नेला, मीही सोबत होतो. त्याने ठरवलं, आज आबांची दाढी मीच करणार. आबा जन्मभर गावातल्या न्हाव्याकडे, बाळूदादाकडे बसलेले. त्यांनी आधी नको म्हटलं, मग पोराचं तोंड पाहून अंगणात पाटावर बसले. डोळे गच्च मिटले. नंदूचा हात तोवर खरंच बसला होता. एक टिपका रक्त नाही. आबांनी गालावरून हात फिरवला, टोपी घातली आणि बाहेर पडले.

नंदूला वाटलं गावात दाखवायला निघाले. आम्ही मागोमाग गेलो. आबा सरळ बाळूदादासमोर जाऊन बसले. बाळूदादाने सवयीने साबण लावायला ब्रश उचलला आणि तो थांबला.

"आबा, दाढी हाय कुठं?"

"तू कर रे," आबा हलक्या आवाजात म्हणाले. "ती पोरानं केली. ही तुझी."

बाळूदादाने फेस लावला, वस्तरा उलट्या बाजूने फिरवला, पुसून तुरटीही लावली. नंदू आडोशाला उभा राहून बघत होता. आम्ही दोघं मागच्या वाटेने परत आलो. आबा घरी आले तेव्हा आम्ही झोपलोय असं दाखवलं.

* * *

आता शेवटचा. नंदूला मुलगी बघायला वरंधला जायचं होतं. नंदूच्या मामांनी जमवलेलं स्थळ. मुलीचं नाव सायली, महाडला खाजगी नोकरी, एवढंच कळलं होतं. सुट्टीचा मेळ बसून दिवस ठरला सोमवार, म्हणजे सलून बंद. नंदूला त्याची पर्वा नव्हती. एव्हाना प्लॅस्टिकचा रेझर तोंडाला लावणार नाही अशी त्याने शपथच घेतली होती. झकास दाढी व्हावी म्हणून आधी चार-पाच दिवस मुद्दाम वाढवलीही होती.

उजवा गाल झाला. डाव्या गालावर ब्लेड अडखळायला लागलं, म्हणून त्याने नवं सारायला इंजेक्टर लावला. जुनं खाली पडून मोरीच्या भोकात गेलं. नवं आलंच नाही. डबी रिकामी होती.

मी साधा रेझर आणायला चपला घालतोय तोवर मामांची जीप दारात. मामा कडक. मुहूर्त टळायच्या आत पोचायचं, आणि शुभ कामाला निघाल्यावर वाटेत कुठे थांबायचं नाही. त्यांनी नंदूला तसाच आत कोंबला, मीही मागे चढलो. वरंध येईपर्यंत एवढाच विचार झाला, की डाव्या गालावर रुमाल धरायचा आणि दाढ दुखतेय म्हणून सांगायचं.

पाहुण्यांच्या घरी बसलो. सायलीचे वडील, आई, शेजारचे दोघं. मामांनीच सांगून टाकलं, की मुलाची दाढ कालपासून फार ठणकतेय. तेवढ्यात सायली पोहे घेऊन आली. तिने ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं की ती महाडला दातांच्या दवाखान्यात काम करते, तर एकदा बघते. नंदूने नको नको म्हणत मामांकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते.

तिने त्याला रुमाल काढायला लावला, तोंड उघडायला लावलं, मोबाइलचा टॉर्च मारून नीट आत पाहिलं. मग टॉर्च बंद केला.

"दाढ चांगली आहे," ती म्हणाली. "दाढी अर्धी आहे."

नंदूचे कान लाल झाले. मग त्याने खिशातून रेझर काढला. गडबडीत तो खिशातच राहिला होता. तो दोन्ही हातांवर धरून त्याने सगळं खरं सांगितलं. रेझर कसा चालतो, ब्लेड कसं बाहेर पडतं, डबी कशी रिकामी निघाली, सलून का बंद. मध्ये कुणी थांबवलं नाही म्हणून बोलतच राहिला. सायलीने रेझर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि त्याला परत दिला. तिचे वडील उठून आत गेले. मला वाटलं आता निघावं लागणार. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात साबणाची वाटी, ब्रश आणि पिवळा प्लॅस्टिकचा रेझर होता. ते त्यांनी पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं.

नंदूने त्या पिवळ्या रेझरकडे पाहिलं. मग सायलीकडे पाहिलं. आणि उचलला.

मागच्या अंगणात पाण्याची टाकी होती, आरसा नव्हता. सायलीने घरातून आणला. आई अगं अगं म्हणत असतानाच ती तो धरून उभी राहिली. आत आम्ही थंड पोहे खात होतो आणि मामा मुलीच्या वडिलांना यंदाच्या भाताबद्दल विचारत होते. बाहेरून बराच वेळ पाण्याचाच आवाज येत होता.

जीप परत निघाली. बिरवाडीचा फाटा आला तेव्हा मामांनी एकदाचं विचारलं, की मुलगी कशी वाटली.

नंदू खिडकीतून बाहेर बघत होता.

"आरसा अजिबात हलला नाही, मामा," तो म्हणाला.