घारोबाची फेरी

घारोबाचं खरं नाव विमानतळाच्या कागदांवर असेल तेवढंच. बाकी सगळा नदीकाठ त्याला घारोबाच म्हणे. नाक तसं, मान तशी आणि धंदाही तसाच: तीन उतारूंचं पिवळं विमान घेऊन मोठ्या नदीवर घिरट्या घालायच्या आणि पर्यटकांना पाणी दाखवायचं. विमान एवढंसं आणि हा एवढा थोरला, की आधी एक खांदा आत जाई, मग पोट, मग उरलेला माणूस. पण जिभेला अडचण कसली ती नाही. उडाल्यापासून उतरेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. "डावीकडे बघा, हे बेट दरवर्षी थोडं सरकतं. शेजार पटत नाही त्याला." लोक खो खो हसत. विनोद तोच, लोक रोज नवे. बोलक्या माणसाला आणखी काय हवं असतं?

थोरल्या भावाची तऱ्हा नेमकी उलटी. दादा त्याच नदीवर होडीने माणसं पलीकडे उतरवी, जाळं टाकी आणि दिवसाकाठी दोन-चार वाक्यं बोले. त्यातलं एक घारोबासाठी राखीव. "तू माणसं फिरवतोस आणि पुन्हा तिथंच आणून सोडतोस. मी निदान पलीकडे तरी पोचवतो."

तो दादा गेल्या आठवड्यातल्या वादळात जाळं काढायला म्हणून गेला तो परतला नव्हता. शोधाच्या लाँचा आल्या, फिरल्या आणि काल निघूनही गेल्या. घारोबा मात्र रोज लोकांना बेटं दाखवी आणि स्वतः नजरेने काठावरची झुडपं चाचपत राही. तोंड एकीकडे, डोळे भलतीकडे. उतरला की कुंपणापाशी वहिनी उभी. "आज काही?" तो मान हलवून नाही म्हणे. ती जेवणाचा डबा त्याच्या हातात देई आणि घरी जाई. दोघांनाही त्या 'नाही'चाच आधार होता.

आज एक उतारू आलाच नाही. विमानाचा मालक म्हणाला, "बसव तुझ्या वहिनीला. रिकामी खुर्ची फिरवून काय करणार आहेस?"

पुढे घारोबाशेजारी गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक पेन्शनर गृहस्थ, मागे त्यांची बायको आणि वहिनी. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे एकाने उसासा टाकला तरी चौघांना ऐकू जाई.

"पहिल्यांदाच बसताय?" बाईंनी विचारलं.

"हो."

"भीती वाटतेय का?"

"वाटतेय," वहिनी म्हणाली. बाईंनी तिचा हात हातात घेतला. त्यांना वाटलं, विमानाची.

बेटाचा विनोद झाला. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढच्या वळणावर गृहस्थ खिडकीला नाक लावून म्हणाले, "ते लव्हाळ्यात पिवळं काय आहे हो?"

घारोबाने पाहिलं. लांबट, अडकलेलं, पाण्याबरोबर हलणारं.

दादाची होडी निळी. अख्ख्या नदीकाठाला ती निळीच ठाऊक, लाँचवाल्यांनीही निळीच शोधली. पण मागच्या हिवाळ्यात विमान रंगवून उरलेला रंग घारोबाने दादाला दिला होता आणि दादाने तो होडीच्या तळाला फासला होता. "तळाला कशाला? दिसणार कुणाला?" "माशांना," दादा म्हणाला होता, "त्यांनाही बघू दे की विमान." वहिनीने हसत हसत ब्रश धुतले होते. तो रंग वरून दिसायचा, तर होडी पालथीच पडायला हवी. लाँचवाल्यांना पिवळा रंगही सांगून ठेवावा, हे दोघांपैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं, किंवा त्यांनी ते येऊ दिलं नव्हतं.

घारोबाने विमान तसंच पुढे काढलं.

"भाऊजी, पिवळं काय?"

"काही नाही वहिनी. पत्रा असेल कुणाचा तरी."

"वळवा."

"वहिनी, ऐका..."

"माझ्या बाजूला आणा."

त्याने विमान कलतं केलं. होडी तिच्या खिडकीखाली आली. मागे जाळं पसरलेलं, तळावर दोन बगळे. गृहस्थांनी कॅमेरा उचलला. बायकोने मागून त्यांचा खांदा दाबला, तेव्हा त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"जवळपास कुणी दिसतंय?" वहिनीने विचारलं.

त्याने आणखी एक चक्कर मारली, मग आणखी एक. लव्हाळं, पाणी, बगळे.

"नाही."

त्याने रेडिओवर जागा कळवली. लाँच पाठवतो, असं पलीकडून उत्तर आलं. गृहस्थ हळूच म्हणाले, "आमचं राहू द्या, परत चला."

"एवढ्यात उतरू नका, भाऊजी," वहिनी म्हणाली. "खाली पोरं आहेत, सासूबाई आहेत. अजून कुणाला ठाऊक नाही."

"तेल पुरायचं नाही, वहिनी."

"पुरेल तोवर."

मग तो नदीवरून नुसता वर-खाली फिरत राहिला. कुणी कुणाला काही दाखवलं नाही. तेलाचा काटा खाली आला तेव्हा त्याने नाक धावपट्टीकडे वळवलं. कुंपणापाशी आज कुणीच नव्हतं.

"वहिनी, आईला..." तो म्हणाला आणि त्याची जीभ तिथेच अडली.

"मीच सांगते," वहिनी म्हणाली. "तुम्ही नीट उतरवा."