थकलेलं कर्ज विकत घेणारा

हे कामाला होते ती सातपूरची कंपनी बंद पडली आणि आमच्या घराचे हप्ते थकले. पतपेढीने ते कर्ज निम्म्या किमतीत एका माणसाला विकलं. आता पैसे त्याला द्यायचे, नाहीतर घर त्याचं. तो एकदाच आला, भर उन्हात. नाव विचारायचा मला धीर झाला नाही.

चपला बाहेर काढून तो आत आला. बोटांच्या पेरांनी भिंती वाजवल्या, नळ सोडून पाहिला. बसला मात्र नाही. मी पाणी पुढे केलं तर त्याने हात मागे घेतले.

"अशा घरातलं पाणी मी पीत नाही. पाणी पोटात गेलं की माणूस मुदत देऊन बसतो."

"प्या हो," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "पाण्यावर अजून बोजा चढला नाही."

तो हसला आणि घटाघटा तांब्याभर पाणी प्यायला. मला वाटलं, आता मुदत मिळणार.

तोंड पुसत तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात घर खाली करा, ताई."

आवाज मऊ होता, भावाने समजावावं तसा. घर गेलंच. मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायला बसते, तर ते 'ताई' आडवं येतं.